दोन आजारी पेशी एकाच डिशमध्ये : एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या कामाबद्दल

नमस्कार मंडळी. समोर नर्सिंगच्या मुली आहेत, मेडिकलची पोरं आहेत आणि मागे काही आईवडील लेकरांना घेऊन बसलेत, म्हणून स्लाइड्स कमीच दाखवतो, सरळ बोलतो.

आपल्या विदर्भात आनुवंशिक आजार म्हटलं की सिकलसेल, आणि त्यामुळे एक फायदा असा झालाय की गावातल्या आशाताईला पण एएस (एक बिघडलेला जीन, फक्त वाहक) आणि एसएस (दोन्ही बिघडलेले, आजारी) यातला फरक सांगावा लागत नाही. नवराबायको दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका, हे इथल्या लोकांना पाठ आहे. आज ज्या आजारांबद्दल बोलतोय, लायसोसोमल स्टोरेजचे आजार, त्यातल्या बहुतेकांचा हिशोब हाच आहे. मामे-आते नात्यात लग्न झालं असेल तर दोघांकडे एकच बिघडलेला जीन असायची शक्यता वाढते, बाकी गणित तेच.

लायसोसोम म्हणजे पेशीतली ती जागा जिथे जुनं झालेलं सामान एन्झाइम वापरून तोडलं जातं. ख्रिश्चन द द्यूव्ह यांनी 1955 मध्ये ती दाखवली. एक एन्झाइम जरी नसलं तरी तेवढं सामान तुटत नाही, साचत जातं. असे पन्नासच्या वर आजार आहेत. मी आज दोनच घेतो, हर्लर आणि हंटर. चार्ल्स हंटर यांनी 1917 मध्ये दोन भाऊ पाहिले आणि गर्ट्रूड हर्लर यांनी 1919 मध्ये तसंच दिसणाऱ्या मुलांचं वर्णन केलं. पोट मोठं, कारण लिव्हर आणि प्लीहा वाढलेली, बेंबीजवळ हर्निया, बोटं आखडलेली, कान सारखा फुटतो, चेहरा हळूहळू जाडसर होत जातो. हर्लरमध्ये बुबुळ धुरकट होतं, हंटरमध्ये सहसा होत नाही, आणि हंटर जवळपास फक्त मुलग्यांनाच होतो, कारण तो जीन एक्स क्रोमोसोमवर आहे.

आता जीवरसायनशास्त्रज्ञ न्यूफेल्ड बाईंकडे येतो. जन्म 1928, पॅरिस, पुढे घर अमेरिकेत गेलं. सुरुवातीचं त्यांचं काम वनस्पतींमधल्या साखरांवर होतं, आजारांशी काही संबंध नाही, पण हर्लर-हंटरमध्ये जे साचतं ते साखरेच्या लांब साखळ्याच आहेत, त्यामुळे एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत आल्यावर त्या या प्रश्नाकडे वळल्या. तेव्हा अनेकांना वाटायचं की ही मुलं ते पदार्थ जास्त बनवतात. बाईंनी आणि जोसेफ फ्रॅटँटोनी, क्लारा हॉल यांनी मुलांच्या त्वचेच्या पेशी कल्चरमध्ये वाढवल्या, त्यांना या साखळ्यांत जाऊन बसणारं किरणोत्सारी सल्फेट दिलं आणि पेशीत ते किती साचतं हे मोजत बसले. निरोगी पेशीत तो आकडा थोडा वर जाऊन थांबतो, आजारी पेशीत वरच जात राहतो. म्हणजे बनवणं ठीक आहे, तोडणं बंद आहे.

आणि मग 1968 चा तो प्रयोग, ज्यासाठी मी आज इथे उभा आहे. हर्लरच्या पेशी आणि हंटरच्या पेशी एकाच डिशमध्ये एकत्र वाढवल्या. दोन्ही आजारी. आणि साचणं थांबलं, दोघींचंही! शेजारणी जशा एकमेकींना वाटीभर साखर, वाटीभर चहापत्ती देतात तसं एकीकडे जे नव्हतं ते दुसरीने बाहेर सोडलं होतं. पेशींना एकमेकींना शिवायची पण गरज नव्हती, एकीचं नुसतं वापरलेलं द्रावण दुसरीवर टाकलं तरी काम झालं. तो घटक निरोगी माणसाच्या लघवीतसुद्धा सापडला आणि तिथून शुद्ध केला गेला, विद्यार्थ्यांनो हे लक्षात ठेवा, महागडं काहीच नाही, लघवी.

ही जेनेटिक्सची केवढी मोठी गोष्ट आहे पाहा. दोन पेशी एकमेकींना बरं करतात म्हणजे बिघाड वेगळा. करत नाहीत म्हणजे बिघाड एकच. हर्लर-हंटरच्या कुळातल्या आजारांना यादीत नंबर दिलेले आहेत. शाई सिंड्रोम हा त्यातलाच सौम्य आजार, त्याला वेगळा पाचवा नंबर दिला होता, पण त्याच्या पेशी हर्लरच्या पेशींना बरं करेनात. म्हणजे एकाच जीनमधले कमी-जास्त बिघाड. पाचवा नंबर यादीत आजही रिकामा आहे. उलट सॅनफिलिपो हा याच कुळातला आजार एकच समजत होते, तर दोन मुलांच्या पेशींनी एकमेकींना सुधारलं आणि एकाचे दोन आजार झाले. डीएनए वाचायची सोय नसताना हे सगळं! 1972 मध्ये हर्लर-शाईचं एन्झाइम सापडलं, अल्फा-एल-इड्युरोनिडेज, पुढच्या वर्षी हंटरचं.

बाहेर सोडलेलं एन्झाइम दुसरी पेशी आत घेते, म्हणजे ते सलाइनमधून पण देता येईल, हा विचार तिथूनच आला. रॉस्को ब्रेडी हे शास्त्रज्ञ गोशे या दुसऱ्या लायसोसोमल स्टोरेजच्या आजारावर हीच वाट चालत होते, वैद्यकातलं 1982 चं लास्कर पारितोषिक त्यांना आणि न्यूफेल्ड बाईंना मिळालं. 1991 मध्ये गोशेचं औषध आलं, 2003 मध्ये हर्लरचं. पण शिरेतून दिलेलं एन्झाइम मेंदूत जवळजवळ पोचत नाही, म्हणून हर्लरच्या गंभीर बाळांना लहान वयात, शक्यतो दोन वर्षांच्या आत, बोन मॅरो बदलतात. दात्याच्या पेशी मेंदूतही शिरतात आणि एन्झाइम सोडतात. तोच डिशमधला प्रयोग, आता बाळाच्या अंगात. म्हणूनच निदानाला उशीर झाला की मला फार त्रास होतो. हर्नियाचं ऑपरेशन एकीकडे, कानाचं दुसरीकडे, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवून कोणी बघतच नाही.

मागे बसलेल्या ताईंनी मघाशी विचारलं की खर्चाचं काय. 2021 चं दुर्मिळ आजार धोरण आहे, नोंदणी ठरलेल्या केंद्रांतून होते, आपल्या राज्यात मुंबईचं केईएम आहे, मदतीची मर्यादा 50 लाख. औषध आयुष्यभर लागतं आणि वजनाप्रमाणे वाढतं, त्यामुळे ही रक्कम पुरत नाही, ते बदलायलाच पाहिजे.

आणि अजून एक, पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधीच्या लेकराचा एन्झाइमचा आणि जीनचा, दोन्ही रिपोर्ट जपून ठेवा, लेकरू आता नसलं तरी. तो नेमका बिघाड माहीत असला की तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वारेचा छोटा तुकडा घेऊन तपासता येतं. हंटर असेल तर लेकराच्या मावशीची आणि बहिणीची पण तपासणी करून घ्या, त्या स्वतः आजारी नसल्या तरी वाहक असू शकतात, लग्न झालेलं असो नसो.