एकदा काढावे, शंभरदा बसवावे

श्रोतेहो, नमस्कार.

संगणकावर नकाशे काढणाऱ्या आणि काढू पाहणाऱ्या सगळ्यांशी आज बोलायचे आहे. विषय आहे नकाशावरच्या चिन्हांचा. विहीर, पूल, मनोरा, पायवाट, दलदल अशी चिन्हे एकदा नीट तयार करून संग्रहात ठेवायची आणि लागेल तेव्हा तिथून उचलून वापरायची. सोय म्हणून आपण हे करतो, वेळ वाचतो, हे खरेच आहे. पण माझ्या मते नकाशाचा दर्जा जितका मोजणीवर ठरतो, तितकाच या संग्रहावरही ठरतो.

समजा, एका मोठ्या नकाशावर तीनशे विहिरी दाखवल्या आहेत. छापायच्या आदल्या दिवशी लक्षात येते की विहिरीचे वर्तुळ फार बारीक झाले आहे. आता ते एका ठिकाणी बदलले की तीनशे ठिकाणी बदलेल, की तीनशे वेळा माउस फिरवावा लागेल? कोणतेही सॉफ्टवेअर हाती घेतले की हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. संग्रहातले चिन्ह आणि नकाशावरचे चिन्ह यांचे नाते जिवंत आहे, की नकाशावर नुसती प्रत उमटली आहे?

ऑटोकॅड या रेखाचित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा चिन्हाला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकची व्याख्या त्या रेखाचित्रात एकदाच साठवलेली असते आणि प्रत्येक जागी तिचा फक्त उल्लेख असतो. व्याख्या बदलली की त्या रेखाचित्रातले सगळे ब्लॉक बदलतात. ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन वाट शोधत धावण्याचा खेळ. त्याचे नकाशे ज्यात काढतात ते ओकॅड आणि मुक्त स्रोतातले ओपनओरिएंटियरिंग मॅपर, ही दोन्हीही याच पद्धतीने चालतात. तिथे नकाशावरची प्रत्येक वस्तू आपल्या चिन्हाला बांधलेली असते. बांधलेली म्हणजे किती? मॅपरमध्ये वापरात असलेले चिन्ह संग्रहातून काढून टाकले, तर त्या चिन्हाने काढलेल्या वस्तूही नकाशावरून जातात. सॉफ्टवेअर आधी तसा इशारा देते. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

क्यूजीआयएसचे वेगळे आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेले हे नकाशांचे सॉफ्टवेअर आज जगभर वापरले जाते. त्यात स्टाइल मॅनेजर नावाचा चिन्हसंग्रह आहे. तिथले चिन्ह एखाद्या लेयरला, म्हणजे नकाशाच्या एका थराला, लावले की त्याची प्रत त्या लेयरकडे जाते. रबरी शिक्का मारावा तसे हे असते: नंतर शिक्का कोरून बदलला तरी कागदावरचा ठसा तसाच राहतो. त्या लेयरपुरता बदल केला तर लेयरमधल्या सगळ्या विहिरी एकदम बदलतात, तिथे अडचण नाही. पण तेच चिन्ह दुसऱ्या लेयरमध्ये, दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये वापरले असेल, तर तिथे आपणच जाऊन नवे चिन्ह पुन्हा लावावे लागते. हे माहीत नसले की एकाच मालिकेतल्या दोन नकाशांवर दोन तऱ्हेच्या विहिरी दिसू लागतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की हा दोन प्रकारच्या विहिरींतला फरक आहे.

आता चिन्ह तयार करण्याकडे वळू. आकार सुंदर हवा, यावर सगळेच मेहनत घेतात. आधारबिंदूकडे मात्र फार थोडे लोक पाहतात. आधारबिंदू म्हणजे चिन्हाचा तो एक बिंदू, जो जमिनीवरच्या खऱ्या जागेवर टेकतो. विहिरीच्या वर्तुळाचा आधारबिंदू मध्यावर असावा. मनोऱ्याचे उभे चित्र असेल तर तो तळाशी असावा, कारण मनोरा तळाशी उभा असतो. टाचणीसारखे चिन्ह असेल तर टोकाशी. हा बिंदू चुकला की प्रत्येक मनोरा सारख्याच अंतराने सरकतो. चूक सगळीकडे सारखी असल्यामुळे ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ऑटोकॅड ब्लॉक बनवतानाच हा बिंदू विचारते. क्यूजीआयएसमध्ये डावे, मधले, उजवे आणि वरचे, मधले, खालचे असे पर्याय निवडून तो ठरवता येतो.

दुसरी गोष्ट मापाच्या एककाची. चिन्ह मिलिमीटरमध्ये मोजायचे की जमिनीवरच्या मीटरमध्ये? तीन मिलिमीटरचे चिन्ह १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर तीस मीटर जमीन झाकते. १:५०,००० प्रमाणावर तेच चिन्ह दीडशे मीटर झाकते आणि शेजारची वाट, ओढा, कुंपण गिळून बसते. कागदावर एकच आकार हवा असेल तर मिलिमीटर घ्यावे, प्रमाणाबरोबर चिन्हही लहानमोठे व्हायला हवे असेल तर नकाशाचे एकक घ्यावे. दोन्ही योग्य आहे. फक्त एका संग्रहात दोन्हींची सरमिसळ नको. ओरिएंटियरिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत याचा फार सुरेख दाखला आहे. तिथे चिन्हांची मापे १:१५,००० या प्रमाणासाठी ठरलेली आहेत, आणि १:१०,००० चा नकाशा करताना सगळी चिन्हे दीडपट करतात. समोच्च रेषेची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेची, जाडी ०.१४ मिलिमीटरची ०.२१ होते. चिन्हांचे एकमेकांशी असलेले नाते ढळत नाही, म्हणून एक नकाशा वाचता येणाऱ्याला दुसराही वाचता येतो.

त्याच नियमांतून क्रमांक देण्याची पद्धतही उचलण्यासारखी आहे. शंभरच्या घरात भूरूपे, दोनशेच्या घरात खडक, तीनशेत पाणी, चारशेत झाडझाडोरा, पाचशेत माणसाने बांधलेल्या गोष्टी. १०१ म्हटले की समोच्च रेषा, जगात कुठेही. आपल्या संग्रहात "नवीन चिन्ह दोन", "विहीर शेवटची", "विहीर शेवटची खरी" अशी नावे साठू लागली, की तो संग्रह आपल्याच उपयोगाचा राहत नाही. नाव असे द्यावे की आधी वर्ग यावा आणि मग वस्तू: पाणी, विहीर, बांधीव. यादी लावली की सगळे पाणी एकत्र दिसते. क्यूजीआयएसमध्ये चिन्हांना टॅग लावता येतात, आणि टॅगवरून आपोआप भरणारे स्मार्ट गटही करता येतात.

रंगांविषयी माझे मत ठाम आहे: रंग चिन्हाच्या आत कोंडू नये. ओकॅड आणि मॅपरमध्ये रंगांचा स्वतंत्र तक्ता असतो आणि चिन्हे त्या तक्त्यातला रंग वापरतात. तपकिरी थोडा गडद केला की समोच्च रेषा, मातीचे कडे, खड्डे सगळे एकाच वेळी गडद होतात. शिवाय तक्त्यातला रंगांचा क्रमच कोणी कोणावर छापायचे ते ठरवतो, त्यामुळे काळी वाट तपकिरी रेषेखाली दबत नाही. ऑटोकॅडमध्ये ब्लॉकचे भाग ‘0’ नावाच्या लेयरवर काढून त्यांचा रंग लेयरप्रमाणे ठेवला, तर ब्लॉक ज्या लेयरवर बसेल तिथला रंग घेतो. क्यूजीआयएससाठी एसव्हीजी चित्र, म्हणजे कितीही मोठे केले तरी रेषा स्वच्छ राहणारे चित्र, बनवताना भरणीचा आणि कडेचा रंग बदलता येण्याजोगा ठेवता येतो. मग एकच झाडाचे चित्र हिरवे, करडे, निळे, हवे तसे वापरता येते आणि फायलींचा ढीग होत नाही.

आणि हा संग्रह जपायचा कसा? क्यूजीआयएस तो आपल्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये एका डेटाबेस फायलीत ठेवते. संगणक बदलला आणि ती फाइल मागे राहिली, तर अनेक महिन्यांचे काम मागे राहते. म्हणून अधूनमधून संग्रह एक्सएमएल नावाच्या मजकूर-स्वरूपाच्या फायलीत काढून दुसरीकडे ठेवावा. सहकाऱ्याला पाठवतानाही हीच फाइल पाठवतात. पण चिन्हात एसव्हीजी चित्र वापरले असेल, तर एक्सएमएलमध्ये बहुधा त्या चित्राचा फक्त पत्ता असतो. ते चित्र समोरच्याकडे नसले तर त्याला विहिरीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते. म्हणून चित्रांचे फोल्डर सोबत द्यावे, नाहीतर चित्र चिन्हातच एम्बेड करावे, म्हणजे त्याच्या आतच साठवावे.

संग्रह तयार झाला की त्यातली सगळी चिन्हे एका कोऱ्या पानावर ओळीने मांडून, खऱ्या मापात छापून बघा. पडद्यावर ती मोठी करून पाहण्याची सवय असते, म्हणून तिथे सगळेच छान दिसते. कागद हातभर अंतरावर धरला की बारीक चौकोन आणि बारीक वर्तुळ एकसारखे दिसू लागतात, दोन तुटक रेषा एकमेकींत मिसळतात. जी दोन चिन्हे तिथे वेगळी ओळखू येत नाहीत, त्यांतले एक त्याच दिवशी बदला. नकाशावर अजून एकही विहीर बसलेली नसते, तेव्हा हे काम दहा मिनिटांत होते.

नमस्कार.