सिस्टरचा रात्रीचा फोन

रात्रीचे दोन वाजलेत. सिस्टर पेशंटजवळ उभ्या राहून त्याचे श्वास मोजतायत, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. हे नीट बघा, कारण पल्स आणि सॅच्युरेशन मशीन दाखवतं, श्वास मात्र बऱ्याचदा अंदाजानेच लिहिले जातात, आणि तब्येत बिघडायला लागली की बरेचदा आधी वाढतो तो श्वासच.

पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. श्वास 26, पल्स 118, वरचं बीपी 98. ताप नाही, सॅच्युरेशन 96, माणूस शुद्धीवर आहे, बोलतोय. सुटं सुटं बघितलं तर कुणीही म्हणेल दुखत असेल, पण ब्रिटनमध्ये 2017 पासून वापरात असलेल्या न्यूज टू स्कोअरमध्ये, म्हणजे श्वास, पल्स, बीपी अशा प्रत्येक गोष्टीला गुण देऊन धोका मोजायच्या पद्धतीत, याची बेरीज 7 होते, आणि 7 म्हणजे इमर्जन्सी.

आता डॉक्टरांना फोन. नुसतं "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" म्हटलं तर पलीकडून "सकाळी बघू" येण्याची शक्यता फार. म्हणून एसबार, चार टप्प्यांत नेमकं सांगायची, मूळची अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधली पद्धत. आत्ता काय चाललंय, आधी काय झालंय, मला काय वाटतंय, तुम्ही काय करायला हवं.

"सर, सर्जिकल वॉर्ड, बेड बारा. काल ऑपरेशन झालंय, स्कोअर 7 आलाय, लघवी कमी झालीये. आतून ब्लीडिंग असेल अशी मला शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा."

हे शेवटचं वाक्यच सगळ्यात अवघड. डॉक्टरांना सांगणारी तू कोण, हे कित्येक सिस्टरनी ऐकलेलं असतं, तरी पेशंटच्या बाजूने उभं राहणं म्हणजे हेच वाक्य बोलणं, आणि कुणी आलंच नाही तर सरळ वरच्या डॉक्टरांना फोन लावणं. ती तक्रार नव्हे, ते कामच आहे.

आणि स्कोअर कमी असेल तरी? पेशंटची बायको म्हणते, "हे असे कधीच गप्प नसतात." ते पण सांगायचं, कारण स्कोअर काहीही असो, सिस्टरला काळजी वाटत असेल तर तेवढ्यावर डॉक्टरांना बोलावता येतं, न्यूज टूच्या नियमावलीतच तसं आहे.

दिवसा हेच काम वेगळं दिसतं. राउंड संपतो, पेशंटने मान डोलावलेली असते, आणि डॉक्टर बाहेर पडले की तो हळूच विचारतो, "सिस्टर, काय म्हणाले ओ ते?" संमतीचा फॉर्म तेव्हा समोरच असतो. चांगली सिस्टर तिथे सही घेत नाही, डॉक्टरांना परत बोलावते, आणि समजावून झालं की पेशंटला म्हणते, आता तुमच्या शब्दांत मला सांगा बरं, उद्या काय करणारेत.