बंद घरातला गॅस गिझर पुन्हा पेटवताना

(कुलूप निघतं. दार आत ढकललं जातं.)

नाशिक, डिसेंबरची सकाळ. तिकडे निफाडचा पारा दहाच्या खाली गेला की इकडे नाशकातही नळाखाली हात धरवत नाही. हा फ्लॅट गेल्या हिवाळ्यापासून बंद होता. काका-काकू लेकाकडे होते, आज परतलेत. बॅगा अजून दारातच आहेत आणि काकूंचा पहिला प्रश्न आहे तो आंघोळीच्या पाण्याचा.

मेकॅनिकदादा मात्र गिझरकडे वळत नाहीत. आधी खिडक्या. दिव्याचं बटण दाबण्याच्याही आधी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला असेल तर फरशीलगत साचून राहतो, आणि पेटायला त्याला बटणातली ठिणगीही पुरते.

(गिझरचं कव्हर उतरतं. कॅमेरा बर्नरच्या अगदी जवळ.)

हे पाहा. बर्नरच्या तोंडाशी मातीचा गोळा दिसतोय ना, ते कुंभारीण माशीचं घर. बंद घरात तिला असली आडोशाची भोकं फार आवडतात. गॅस बारीक जेटमधून जोरात सुटतो आणि याच तोंडातून बाजूची हवा आपल्याबरोबर आत ओढतो. एक लिटर गॅस नीट जळायला पंचवीस ते तीस लिटर हवा लागते. तोंडाशी माती बसली की हवा घटते, गॅस मात्र तेवढाच येत राहतो. मग ज्योत पिवळी पडते आणि वरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळी धरते. काजळीने पात्यांमधल्या फटी बुजतात, जळलेली हवा वर निघत नाही, आणि ज्योत आणखी बिघडते.

दादा जुन्या टूथब्रशने एकेक तोंड मोकळं करतात. पात्या काढून धुतात. बादलीत उतरणारं हे काळं पाणी गेल्या हिवाळ्याचं आहे.

सेलचा डबा उघडला. दोन मोठे सेल फुटून पाझरलेत, पत्तीवर पांढरट-हिरवा थर आलाय. पत्ती पॉलिश पेपरने घासायची, सेल नवे घालायचे. घर बंद करून जाताना सेल काढून ठेवले असते तर हे टळलं असतं.

आता पाणी. टाकीत आणि पाइपात साचलेलं पाणी गिझरला जोडण्याआधी भरपूर वाहू द्यायचं, तांबूस रंग जाईपर्यंत. गिझरमध्ये पाणी शिरतं त्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवायची. आत एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या दाबाने तो ढकलला जातो आणि गॅसची वाट उघडतो. महिनोन्‌महिने पडून राहिला की रबर कडक होतं. म्हणून नंतर एक गोष्ट डोळ्यांनी तपासायची: नळ बंद केला की ज्योत लगेच विझते का? रेंगाळत असेल तर पडदा बदला.

(गॅसची नळी वाकवून दाखवतात. बारीक भेगा.)

या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की नळी बदलायची, वरून कितीही चांगली दिसो. नवी नळी लावून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस. बुडबुडा आला की गळती. काडी ओढून गळती बघणारे लोक अजून आहेत, ते कृपा करून थांबवा. आणि मधल्या काळात सोसायटीत पाइपचा गॅस आला असेल तर जुन्या जेटवर गिझर चालवू नका. दोन्ही गॅसचे जेट वेगळे असतात.

टक, टक, टक. पेटला. स्वच्छ निळी ज्योत.

बहुतेक घरांत काम इथेच संपतं. दादा मात्र वर, खिडकीकडे बघतात.

(बाथरूमची खिडकी. काचेच्या पट्ट्यांमध्ये खुपसलेले वर्तमानपत्राचे बोळे.)

थंडी आत येऊ नये म्हणून हे बोळे. बाथरूम छोटं. हा गिझर शेगडीच्या एका बर्नरच्या चार-पाच पट गॅस जाळतो. दार लावलेल्या एवढ्याशा जागेत बघता बघता ऑक्सिजन कमी होतो आणि उत्तम साफ केलेला बर्नरसुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेला वास जळून गेलेला असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

एक्झॉस्ट फॅन बसवला की झालं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण दार-खिडकी बंद असेल तर फॅन हवा ओढणार कुठून?

(माळ्यावरून उतरवलेला तांब्याचा बंब.)

काकूंच्या सासूबाईंचा हा बंब. वाड्यात तो परसात असायचा. विस्तव बाहेर, न्हाणी आत. आपण चार फूट पाइप वाचवायला विस्तव न्हाणीत आणून ठेवला.

म्हणून आज या घरातला गिझर ड्राय बाल्कनीत चाललाय. भिंतीला एक भोक, गरम पाण्याचा पाइप आत, बाथरूममधला जुना गॅस पॉइंट कायमचा बंद. दुपारपर्यंतचं काम. बाल्कनी मात्र खरोखर उघडी हवी. स्लायडिंग काचा लावून ती बंद केली असेल तर तिथेही तोच धोका.

भाड्याचं घर आहे, मालक भिंत फोडू देत नाही? मग दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडी हवा खेळू द्या, आणि मगच आंघोळीला जा. घरातल्या मुलांनाही हाच क्रम लावून द्या. डोकं जड वाटलं तर तसंच बाहेर मोकळ्या हवेत या, मग दवाखान्यात जा. आणि गॅसचा वास आला तर कोणत्याही बटणाला हात न लावता सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, घराबाहेर जा आणि तिथून १९०६ ला फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो.