गोळी थांबवू नका, पोट असं मोकळं करा

श्रोते मैत्रिणींनो, नमस्कार.

गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून लोहाच्या लाल गोळ्या सुरू होतात आणि पोट साफ होत नाही म्हणून अनेकजणी त्या परस्पर बंद करतात. तसं करू नका. बद्धकोष्ठता अनेकदा गोळीच्या आधीच सुरू झालेली असते. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आतड्याची हालचाल मंदावतं. मळ आत रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. गोळी त्यात भर घालते, इतकंच. तिच्यामुळे शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट झाली, तर दाखवा.

गोळी सोसत नसेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास तरी लांब ठेवा. तरीही त्रास झाला तर डॉक्टर गोळी बदलून देतात.

आता खाण्याचं. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. चोथा एकदम वाढवलात तर पोट फुगतं, म्हणून आठवडाभरात हळूहळू वाढवा. दिवसाला आठ ते दहा पेले पाणी हवंच. इसबगोल घ्यायचा तर एक-दोन चमचे, पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचा, वर आणखी पेलाभर पाणी. कमी पाण्यात घेतला तर तोच आत घट्ट बसतो.

न्याहारीनंतर आतडं आपोआप जागं होतं, तेव्हा दहा मिनिटं सवडीनं बसा. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येतील. कुंथू नका, मूळव्याध तिथूनच सुरू होते. घरचं उरकेपर्यंत कळ दाबून ठेवायची सवयही वाईटच. सासूबाईंनो, सुनेला तेवढी दहा मिनिटं द्या!

एरंडेल मात्र अजिबात नको, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. सोनामुखीचं चूर्ण किंवा एनिमाही मनानं घेऊ नका. आहारानं भागलं नाही तर डॉक्टर लॅक्ट्युलोजचं पातळ औषध देतात, ते गरोदरपणात चालतं.

शौचातून रक्त पडलं, उलट्या होऊन वाराही सरत नसेल, किंवा पोट थांबून थांबून दगडासारखं कडक होत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. ती कळ पोटाची नसून बाळंतपणाचीही असू शकते. तडक दवाखाना गाठा. गाडीसाठी १०८ लावा.