उरलेल्या रक्ताची साक्ष

[फ्रीझरच्या रांगा. दार उघडतं, पांढरी वाफ.]

अमेरिकेतलं मेरीलँड राज्य, सिल्व्हर स्प्रिंग. हे अमेरिकी सैन्याचं सीरम भांडार. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव. तापमान उणे ३० अंश. भरती होताना सैनिकाची एचआयव्ही चाचणी होते, पुढेही साधारण दर दोन वर्षांनी. चाचणीनंतर उरलेलं सीरम फेकायचं नाही, इथे आणून ठेवायचं. खोक्यावर खोका, वर्षामागून वर्ष. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी म्हणून यातली एकही कुपी ठेवलेली नव्हती.

[हातमोज्यातला हात, कुपीवरचा क्रमांक.]

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. यामागे विषाणू असावा हा संशय जुना, आणि एपस्टाइन-बारचं नाव त्यात सारखं पुढे यायचं. पंचाईत अशी, की १०० पैकी साधारण ९५ प्रौढांना त्याची लागण होऊन गेलेली असते. मग आरोप सिद्ध कसा करायचा? लागण न झालेली तरुण माणसं हवीत, आणि वर्षानुवर्षं राखून ठेवलेलं त्यांचं रक्त. नव्याने जमवायला बसलं तर संशोधकाची उमेदीची वर्षं त्यातच संपायची. इथे ते आयतं तयार होतं.

[नमुने वितळताहेत. पिपेट.]

हार्वर्डचे अल्बेर्तो अशेरिओ, शेटिल ब्यॉर्नेविक आणि सहकारी यांनी १ कोटीहून जास्त सैनिकांच्या नोंदी चाळल्या. एमएस झालेले ९५५ सापडले. त्यांतल्या ८०१ जणांचे नमुने तपासण्याजोगे होते. प्रत्येकाच्या जास्तीत जास्त तीन कुप्या: पहिली, मधली, आणि आजार सुरू होण्याआधीची शेवटची.

पहिल्या कुपीत ३५ जणांना लागण नव्हती. शेवटच्या कुपीपर्यंत त्यांतल्या ३४ जणांना विषाणूने गाठलं होतं. लागणीनंतर एमएसचा धोका ३२ पट. एपस्टाइन-बारसारख्याच लाळेतून पसरणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूने मात्र धोका वाढवला नाही. मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एक प्रथिन असतं. तेही वाढलं ते लागणीनंतरच. जानेवारी २०२२मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

[पडद्यावर फिरणारे दोन रेणू.]

त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटाने हे दाखवलं. डावीकडे विषाणूच्या ईबीएनए-१ प्रथिनाचा तुकडा, उजवीकडे मेंदूतलं ग्लायलकॅम हे प्रथिन. ही जागा बघा, किती सारखी. काही रुग्णांची प्रतिपिंडं चोर समजून घरच्यालाच धरतात, ती इथे.

[पुन्हा भांडार.]

लागण जवळपास सगळ्यांना, एमएस मोजक्यांनाच, हे कोडं बाकी आहे. एपस्टाइन-बारविरुद्धच्या लशींच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. एमएस त्यांनी टळतो का, हे ठरवायलाही अशाच राखून ठेवलेल्या कुप्या लागतील.