पंपाला हात लावण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. आज जुन्या डिझेल ट्रकबद्दल बोलायचं आहे, ज्यांच्या इंजिनात सेन्सर नाहीत, कॉम्प्युटर नाही, नुसता यांत्रिक पंप आहे, जो डिझेल दाबाने प्रत्येक सिलिंडरकडे पाठवतो. तक्रार नेहमीची असते. गाडी लोड घेत नाही, चढाला लागली की दम सोडते, आणि उभी असताना अशी थरथरते की आरशात मागचं काही दिसत नाही. अशी गाडी आली की पहिलं वाक्य कानावर येतं, "पंप गेला." त्या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नका, एवढंच सांगायला मी आलो आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडतो आणि पेट घेतो. हवा, दाब, फवारा आणि फवाऱ्याची वेळ, या चारांपैकी काय बिघडलंय ते शोधायचं.

सुरुवात कानाने करा. सहा सिलिंडरचं इंजिन ६०० आरपीएमवर उभं असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५ वेळा पेटतो, सगळे मिळून ३० वेळा. त्यातला एक बंद पडला तर सेकंदाला ५ धक्के ठेक्यात बसतात. हे खरं मिसिंग. पण कधी इंजिनाचा आवाज आपोआप चढतो, उतरतो, बंद पडायला येतो आणि पुन्हा सावरतो. त्याला ठेका नसतो. तिथे सिलिंडरमागे लागू नका. डिझेलमध्ये हवा शिरते आहे का ते आधी पाहा, मग गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग.

हवेचा दोष फार फसवा आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतून डिझेल खेचणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथे फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा, खाली एक थेंब नाही, मग शंका येणार कशी? एका ट्रकचा मुख्य पंप मी काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून जुळवून घ्यायला, पाठवला होता. परत आला, बसवला, आणि गाडी जशीच्या तशी. शेवटी दोष सापडला टाकीजवळच्या रबरी पाइपात, क्लिपच्या खाली, केसाएवढी चीर. त्या माणसाची गाडी माझ्यामुळे इतके दिवस उभी राहिली, याची मला आजही खंत वाटते. तेव्हापासून मी फीड पंपाच्या आधी डिझेलला चालणारी पारदर्शक नळी थोडा वेळ जोडतो. बुडबुडे दिसले की तिथून टाकीपर्यंत एकेक जोड तपासत मागे जातो.

टाकीचं झाकणही पाहा. गाडी निघताना छान चालते, थोड्या वेळाने ओढ कमी होत जाते, थांबून झाकण उघडलं की सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत जाते आणि गाडी पुन्हा पळते. झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, बाकी काही नाही. टाकीतली जाळी आणि डिझेल फिल्टर तुंबले तरी गाडी अशीच वागते. फिल्टरखालचं पाणी काढा, आणि फिल्टर बदललात तर हँड प्रायमरने, म्हणजे हाताने डिझेल ओढायच्या पंपाने, सगळी एअर निघेपर्यंत घाई करू नका.

आता ठेक्यातलं मिसिंग. इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीच्या) पाइपाचा नट थोडा ढिला करायचा आणि लगेच आवळायचा. आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. इथे कळकळीने सांगतो, चष्मा लावा, नट फडक्यात धरा, बोट त्या फवाऱ्यासमोर कधीही नेऊ नका. अशी नोझल साधारण २०० बारला उघडते, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीसएक पट दाब. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवावं लागू शकतं. असं झालंच तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा.

सिलिंडर सापडला की त्याची नोझल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करा. मिसिंग नोझलबरोबर गेलं तर नोझल खराब. जागीच राहिलं तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन (सिलिंडरातला हवेचा दाब) किंवा पंपातला त्या सिलिंडरला डिझेल दाबणारा एलिमेंट. नोझल बसवताना खाली तांब्याचा नवा वॉशर टाका. जुना आत चिकटून राहिला आणि त्यावर दुसरा बसला तर फवारा चुकीच्या उंचीवरून पडतो.

स्लो चांगला आहे, फक्त ताकद नाही, तेव्हा धूर बघा. ताकद नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेल पुरेसं पोहोचत नाही. ताकद नाही आणि काळा धूर, म्हणजे हवा कमी पडते आहे: एअर फिल्टर, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा फाटलेला होज, नाहीतर नोझल थेंब सोडते आहे. गरम इंजिनातून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर आला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय. रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग. निळा धूर इंजिन ऑईलचा.

एक साधी तपासणी बहुतेक जण विसरतात. इंजिन बंद ठेवून एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर स्टॉपला टेकतो का ते पाहावं. तार सैल झालेली असते आणि आपण इंजिनाला दोष देत बसतो. एक्झॉस्ट ब्रेकची, म्हणजे धुराची वाट अडवून गाडी हळू करणाऱ्या ब्रेकची, झडप अर्धी अडकली असेल तरीही गाडी कोंडल्यासारखी चालते.

हे सगळं झालं, टॅपेट सेट केले, कॉम्प्रेशन मोजलं आणि ते सगळ्या सिलिंडरना जवळपास सारखं भरलं, तरी दोष उरला, तर मग खुशाल पंप काढा. काढण्याआधी फ्लँजवर (पंप इंजिनाला बसतो त्या कडेवर) आणि कपलिंगवर (पंप फिरवणाऱ्या जोडावर) खुणा करून ठेवा, म्हणजे परत बसवताना टायमिंग, म्हणजे फवाऱ्याची वेळ, हलणार नाही. नमस्कार.