टेप घेऊन ट्रेडमिलवर

नमस्कार मंडळी. हातात आईची शिवणाची टेप, मागे आमच्या जिमची ट्रेडमिल, आणि बाहेर पाऊस. ऐकू येतोय ना? पुण्याचा जुलै. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असते सप्टेंबरात, म्हणजे तयारीचे नेमके महिने पावसात जातात. पहाटेचा अंधार, पाण्याखाली दडलेले खड्डे, वर कुत्री. मग आपण सगळे गुमान जिममध्ये. आणि तिथे गेलं की कुणीतरी म्हणतंच, "मशीनवरचं धावणं काही खरं नाही हां."

का खरं नाही, तर म्हणे पट्टाच पाय मागे ओढतो, आपण नुसत्या जागेवर उड्या मारतो. अहो, डेक्कन क्वीन एकसारख्या वेगाने पळत असते तेव्हा डब्यात पुढच्या दिशेने चाला नाहीतर मागच्या, पायाला सारखंच वाटतं ना? पट्ट्याचं तसंच. वेग कायम असेल तर जमीन सरकतेय की आपण, याच्याशी पायाला देणंघेणं नसतं.

फरक पडतो तो हवेने. रस्त्यावर ताशी १० किलोमीटरने धावलात की तेवढाच वारा तोंडावर येतो. तो जरासा अडवतो, पण घामही वाळवतो. मशीनवर अडवणारं कुणी नाही आणि वाळवणारंही नाही, म्हणून अर्ध्या तासात पायाखाली डबकं. त्यात पावसाळी दमट हवा आणि बंद हॉल. तोच वेग असूनही नाडी जास्त दिसली तर घाबरू नका, शरीर गार होण्यासाठी धडपडतंय. पंख्यासमोरचं मशीन पकडा. त्यासाठी दहा मिनिटं लवकर यावं लागलं तरी या.

आणि तो १ टक्का चढ? "एक टक्का लावला की रस्त्याइतकं होतं" हे सगळेच सांगतात. हे १९९६ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासातून आलंय, आणि त्यातले वेग होते ताशी साधारण साडेदहा ते अठरा किलोमीटर. आपण आठ-नऊवाले. एवढ्याशा वेगाला हवा कितीशी अडवणार? शून्यावर ठेवा, काही बिघडत नाही.

आता टेप. मशीन दाखवतं तो वेग खरा का, ते तपासूया. (खाली बसते) मशीन बंद, प्लग काढलेला. पट्ट्यावर खडूने ही एक रेघ मारली. आता पट्टा हाताने थोडा थोडा सरकवत, रेघ फिरून पुन्हा इथे येईपर्यंत मोजायचं. आमचा भरला ३ मीटर २० सेंटिमीटर. मग मशीन १० वर लावून मी धावले आणि मैत्रिणीने बाजूने मोबाईलवर शूटिंग केलं. कुणीतरी वर धावत असायलाच हवं बरं का, कारण वजन पडलं की काही मशीनचा पट्टा मंदावतो. शूटिंग हळू चालवून रेघ मोजली: ५० फेऱ्या म्हणजे १६० मीटर. ताशी १० असता तर ५८ सेकंद लागायला हवे होते. लागले ६३. म्हणजे खरा वेग नऊच्या जरासा वर! अख्खा जून मी स्वतःला दहावाली समजत होते. मनगटावरचं घड्याळ तिसराच आकडा सांगत होतं, कारण जिममध्ये ते हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. जिमवाल्या दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, कमी पळालात तर त्रास कमी ना!"

असो. चढाच्या बाबतीत मात्र मशीनसारखा मित्र नाही. ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी करतात, त्या टीएमटीमध्ये डॉक्टर काय करतात आठवा. तिच्या ब्रूस नावाच्या पद्धतीत सुरुवात ताशी फक्त २.७ किलोमीटरने होते, पण चढ थेट १० टक्के, आणि दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. न पळता नुसत्या चढानेच दम निघतो. साताऱ्याच्या शर्यतीतल्या यवतेश्वरच्या घाटासाठी मी हेच करते: ५ टक्के चढ, २ किलोमीटर, म्हणजे १०० मीटर उंची, आणि दांडीला हात लावायचा नाही. दांडी धरून चढणं म्हणजे वजनकाट्यावर भिंतीला टेकून उभं राहणं.

माझ्या पहिल्या साताऱ्याला चढ मस्त गेला, खरंच. लोकांना मागे टाकत गेले. पण त्याच रस्त्याने परत यायचं असतं, आणि उताराला पंधराव्या किलोमीटरच्या आसपास मांड्या थरथरायला लागल्या. सोमवारी तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून, खेकड्यासारखी आडवी उतरले.

कारण सरळ आहे. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकही लावत असतो. बहुतेक ट्रेडमिल वर उचलल्या जातात, पुढे झुकत नाहीत. त्यामुळे तीन महिने मशीनवर घाम गाळला तरी ही सवय शून्य. पण एकदा उतार पचवला की पुढचे काही आठवडे स्नायू तेवढा ओरडत नाही. म्हणून शर्यतीच्या तीन आठवडे आधी, पाऊस असो नसो, एक रविवार पुण्याजवळच्या बोपदेव घाटात. वर जाताना चालत गेलात तरी चालेल. उतरताना पावलं छोटी, टाचेवर आपटायचं नाही, आणि शेवाळलेली कड सोडून. बूट ओले होतील. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळपर्यंत वाळतात.